गोधडी शिवता शिवता शिकवायचंय, पॅटर्न काढायचेत? मग आधी एक वही घ्या

शिवायला लागून मला ४० वर्षं झाली. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं नुसती हौस, मग शिकवणं, आणि पॅटर्न, म्हणजे दुसऱ्याला वाचून शिवता येईल अशी मापं आणि आकृत्या, लिहायला घेतले तोपर्यंत तर केस पांढरे झाले होते. लोक विचारतात की हौशी बाईची टीचर कशी झालीस, कुठला कोर्स केलास, सर्टिफिकेट आहे का. नाहीये. वह्या आहेत, सध्या अकरावी चालू आहे. त्यामुळे कुणी मला विचारलं की हौसेपासून शिकवण्यापर्यंत आणि पुढे स्वतःच्या पॅटर्नपर्यंत कसं जायचं तर मी मशीन कुठलं घ्यायचं ते सांगत नाही, वही घ्या सांगते.

माझ्या पहिल्या वहीतली पहिली नोंद अशी आहे, "खालची ओळ १ इंच आखूड. का???" तीन प्रश्नचिन्हं. त्या एका इंचाने मला दोन दिवस रडवलं होतं. ओळीत आठ तुकडे, प्रत्येक अडीच इंचाचा कापलेला, शिवून दोन इंचाचा व्हायला हवा, म्हणजे दोन्ही टोकांची शिलाई धरून ओळ १६ इंच. झाली १५. कापणं बरोबर होतं, मी परत परत मोजलं. गडबड शिलाईत होती, मी पाव इंचाऐवजी जरा जास्त माया (शिलाई आणि कापडाची कड यांच्यातलं कापड) घेत होते, किती तर १/१६ इंच, केसभर. पण तुकड्याच्या दोन्ही बाजूंना केसभर म्हणजे एका तुकड्यात १/८ गेला, आणि आठ तुकड्यांत आख्खा इंच. हे मला कुणी सांगितलं नाही, वहीत आकडे मांडले तेव्हा दिसलं. आणि पुढे जेव्हा पहिल्यांदा चार बायका समोर बसल्या तेव्हा मी सुरुवात याच पानापासून केली, आजही तिथूनच करते.

तर वहीत काय लिहायचं. कापड कुठलं, धुतलं होतं की कोरं, सुई कितीची, टाका किती मिलिमीटरचा, काय बिघडलं आणि कसं निस्तरलं. आणि घड्याळ लावून वेळ लिहायचा, हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं पण नंतर सगळ्यात कामाला येतं. कापायला सव्वा तास, जोडायला तीन तास, उसवायला चाळीस मिनिटं. हो, उसवायचा वेळ पण लिहायचा, लाजायचं नाही.

हौसेच्या काळात घाई करू नका एवढंच म्हणेन, आणि दोन-तीन गोष्टी मात्र पक्क्या करून टाका कारण नंतर शिकवताना त्याच उघड्या पडतात.

पहिली म्हणजे मायेची परीक्षा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या घ्या, एकीला एक लांबीत जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. बरोब्बर १ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जातेय, सुई एक घर उजवीकडे सरकवा किंवा मशीनवर चिकटपट्टी लावून खूण करा. गंमत म्हणजे मशीनच्या फुटाच्या (कापड दाबून धरतो त्या पायाच्या) कडेने अगदी पाव इंच शिवलं तरी मधली पट्टी बहुतेक वेळा जराशी कमीच भरते, कारण कापड दुमडतं तिथे दोऱ्याची आणि घडीची जाडी खाल्ली जाते. म्हणून पाव इंचाला किंचित कमी शिवायचं. नवीन सुई, नवीन दोरा, नवीन मशीन, काहीही बदललं की ही परीक्षा परत द्यायची, मी अजून देते.

दुसरी इस्त्री. दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. शर्टावर फिरवतो तशी फिरवली की तुकडे ताणले जातात, खासकरून त्रिकोण, कारण त्यांची एक कड तिरकी कापलेली असते आणि तिरकं कापड रबरासारखं वागतं. जोडाची माया शक्यतो गडद कापडाकडे पाडायची, आणि शेजारच्या दोन ओळींत उलट सुलट दिशेला, म्हणजे ओळी एकमेकींवर ठेवल्या की जोड खाचेत बसल्यासारखे बसतात, बोटाला कळतं. ते "टक" बसणं एकदा कळलं की टाचण्यासुद्धा कमी लागतात.

तिसरी, आणि इथेच निम्मे लोक गळतात, ती म्हणजे पूर्ण करणं. वरचा थर जोडून घडी घालून कपाटात टाकलेल्या माझ्या ओळखीत किती गोधड्या आहेत मोजायला नको. ज्याला शिकवायचंय त्याने निदान पाच तरी शेवटच्या टाक्यापर्यंत न्याव्यात, थर लावून, क्विल्टिंग करून (सगळे थर एकत्र शिवून), बाइंडिंग लावून (कडेला पट्टी लावून). अस्तर आणि बॅटिंग (मधला मऊ थर) चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठं ठेवा, सेफ्टी पिना तळहाताच्या अंतराने लावा, मधून सुरुवात करून बाहेर शिवत या, सरळ रेघांसाठी वॉकिंग फूट (वरचं आणि खालचं कापड बरोबर पुढे नेणारा पाय) लावा नाहीतर वरचा थर पुढे सरकून सुरकुत्या पडतात. बॅटिंगच्या पाकिटावर लिहिलेलं असतं की शिलाईच्या दोन रेघांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल, ते वाचा आणि वहीत उतरवा. मी एकदा पाकीट फेकून दिलं आणि आठ-आठ इंचावर रेघा मारल्या, चार धुण्यांत आतला थर गोळे गोळे होऊन कोपऱ्यात जमा झाला.

साधनांचं थोडक्यात सांगते. ८० नंबरची सुई, टाका २ ते २.५ मिलिमीटर, चांगला सुती दोरा, आणि सुई सात-आठ तास शिवून झाली की बदला, तुटेपर्यंत वाट बघू नका. रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचा), खाली ठेवायची मॅट आणि पट्टी हे त्रिकूट मात्र घ्याच. मी सुरुवातीला पुठ्ठ्याचे साचे करून पेन्सिलने आखून कात्रीने कापायचे. रोटरी कटर तसा १९७९ चा, जपानच्या ओल्फा कंपनीने काढला, पण माझ्या हातात तो बऱ्याच उशिरा आला, आणि आला त्या दिवशी मी चार थर एकत्र ठेवून एका दमात पट्ट्या कापल्या आणि म्हटलं आतापर्यंत काय करत होते मी! पुठ्ठ्याच्या साच्याची कड प्रत्येक आखणीला झिजते, विसावा तुकडा पहिल्यापेक्षा बारीक असतो, हे पण वहीतलंच. बाकी रंगीबेरंगी गॅजेट्स नंतर घ्या, किंवा घेऊच नका.

आता शिकवण्याकडे. आपण तयार झालो हे कसं ओळखायचं? माझी एक साधी टेस्ट आहे. एखाद्या मैत्रिणीला, जिने कधी गोधडी शिवली नाही तिला, नऊ चौकोनांचा एक ब्लॉक, म्हणजे गोधडीतला एक सुटा भाग, करायला लावा आणि तुम्ही हात खिशात ठेवून नुसतं बोला. दाखवायचं नाही, बोट करायचं नाही. "हे इकडून असं" हे वाक्य तोंडातून निघालं की समजा ते अजून आपल्याला शब्दांत येत नाही, फक्त हाताला येतंय. हाताला येणं वेगळं आणि सांगता येणं वेगळं.

माझ्या पहिल्या बॅचमध्ये मी चांगलीच आपटले. कापायचं शिकवताना मी अगदी ठसक्यात सांगितलं की पट्टीवर डावा हात, कटर उजव्या हातात, पातं पट्टीच्या उजव्या कडेला. एक जण आख्खा तास हात एकमेकांवरून नेऊन, वेडंवाकडं उभं राहून कापत होती, तीनदा पट्टी सरकली आणि मी तीनदा तिला "जोर द्या जोर द्या" म्हणून सांगितलं. शेवटी चहाच्या सुट्टीत सही करायला तिने पेन डाव्या हातात धरलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बिचारी काही बोलली नव्हती, टीचर सांगतेय म्हणून करत होती. तेव्हापासून मी डावा-उजवा म्हणतच नाही, "लिहिता तो हात" आणि "दुसरा हात" म्हणते, आणि बऱ्याच कटरचं पातं काढून दुसऱ्या बाजूने बसवता येतं ते सुरुवातीलाच करून देते.

क्लासची तयारी करताना वहीतला वेळ काढा आणि तिप्पट करा. तुम्हाला एक तास लागत असेल तर नवीन माणसाला तीन लागतात, त्यात कुणाचं बॉबिन संपतं, कुणाचं कापड उलटं शिवलं जातं, कुणाला गप्पा मारायच्या असतात (आणि त्या मारू द्याव्यात, निम्मे लोक त्यासाठीच येतात). नवशिक्यांची बॅच असेल तर सहापेक्षा जास्त माणसं घेऊ नका, सातवीचा प्रश्न ऐकेपर्यंत पहिलीने चूक शिवून टाकलेली असते. आख्खी गोधडी पहिल्या क्लासमध्ये शिकवायला जाऊ नका, एका दिवसात हातात काहीतरी पुरं व्हायला हवं, उशीचा अभ्रा पुरे. आणि दोन-तीन इस्त्र्या एकाच बोर्डावर लावू नका, आमचा फ्यूज उडून आठ मशीनं एकदम बंद पडलेली आहेत.

नमुने करताना तयार वस्तू एकच ठेवा पण पायऱ्यांचे तुकडे भरपूर ठेवा. म्हणजे नुसते कापलेले चौकोन एका कागदावर, दोन जोडलेले दुसऱ्यावर, इस्त्री केलेले तिसऱ्यावर, असं. माणूस मागे राहिला तर स्वतःच्या हातातलं त्या कागदाशेजारी ठेवून बघतो आणि विचारायची लाज वाटत नाही. याशिवाय माझ्याकडे एक पिशवी आहे, बिघडलेल्याची पिशवी. त्यात १५ इंचाची ती आखूड ओळ अजून आहे, ताणून वाकडे झालेले त्रिकोण आहेत, लाटांसारखी किनार आहे. माझ्या सुंदर गोधड्यांपेक्षा ती पिशवी जास्त हाताळली जाते.

एक नियम मी स्वतःवर फार कडक लावलाय, शिकणाऱ्याच्या मशीनवर बसायचं नाही. खूप मोह होतो, दोन टाक्यांचं तर काम असतं, पण तुम्ही शिवून दिलेली ती एक शिलाई तिला घरी गेल्यावर येत नाही. उसवायला सांगायचं असेल तर आधी विचारा, "तुम्हाला हे खुपतंय का?" नाही म्हणाली तर राहू द्या. सगळ्या टोकांना टोकं जुळलीच पाहिजेत असा हट्ट असणारे टीचर मी पाहिलेत आणि त्यांच्या दुसऱ्या बॅचला किती जण येतात तेही पाहिलंय.

फी ठरवताना फक्त क्लासचे तास धरू नका, नमुने शिवायचे, किट कापायची, नोट्स काढायच्या, सामान वाहायचं, सगळे तास धरा. मी कित्येक वर्षं धरले नाहीत, वहीत बेरीज केली तेव्हा कळलं की पदरचं घालून शिकवत होते.

शिकवण्याचा खरा फायदा मात्र वेगळाच. कुणीतरी "का" विचारतं. अर्ध्या चौकोनाचे त्रिकोण करताना सगळीकडे सांगतात की तयार मापात (शिवून झाल्यावर हवं त्या मापात) ७/८ इंच मिळवा आणि चौकोन कापून तिरका छेद द्या, मीही पोपटासारखी सांगायचे. एका बाईंनी विचारलं, ७/८ च का? मला सांगता येईना. घरी येऊन कागदावर मोठा त्रिकोण काढला, तिन्ही बाजूंना पाव इंच माया काढली आणि मोजलं. सरळ बाजूंना पाव-पाव इंच कळतो, पण तिरक्या बाजूची माया टोकाकडे लांब पळते, सगळं मिळून ०.८५ च्या आसपास येतं आणि पट्टीवरची जवळची खूण म्हणजे ७/८. एवढंच होतं! मग हेही कळलं की ७/८ चा हट्ट सोडून सरळ १ इंच मिळवला, थोडं मोठं शिवलं आणि नंतर छाटून नेमकं केलं तर हात न बसलेल्या माणसाला सोपं जातं. तीन इंची तयार तुकड्यासाठी चार-चार इंचाचे दोन चौकोन एकमेकांवर ठेवायचे, कर्णाची रेघ आखायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवायचं, रेघेवर कापायचं, दोन तुकडे मिळतात, ते उघडून साडेतीनला छाटायचे.

मला वाटतं पॅटर्न काढायची सुरुवात तिथेच झाली, कारण ज्या क्षणी माप कुठून येतं ते कळलं त्या क्षणी दुसऱ्याच्या मापांची गरज संपली.

डिझाइनसाठी आलेखाचा कागद आणि रंगीत पेन्सिली पुरतात, एक चौकट म्हणजे एक इंच. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर खास क्विल्टची सॉफ्टवेअरं आहेत, साध्या चित्र काढायच्या प्रोग्रामवरही जमतं, पण आधी कागदावरच करा असं माझं मत, कॉम्प्युटरवर न शिवता येणारी गोष्टही सुंदर दिसते. नवीन ब्लॉक शोधायच्या मागे लागू नका. लॉग केबिनचं बघा, मधे एक चौकोन आणि भोवती पट्ट्या, दोन बाजू फिक्या दोन बाजू गडद. तोच ब्लॉक नुसता फिरवून मांडला की कधी तिरके पट्टे, कधी शंकरपाळ्यासारखे चौकोन, कधी नागमोडी. मांडणी जमिनीवर करा, खुर्चीवर उभं राहून फोनने फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. रंग गेला की गडद-फिकं उघडं पडतं, लाल आणि हिरवं आपल्याला किती वेगळं वाटतं पण काळ्या-पांढऱ्यात एकच होऊन जातं आणि डिझाइन गायब.

लांबून बघण्याची सवय फार महत्त्वाची. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या तेव्हा लोकांना त्या नव्याने दिसल्या, वस्तू तीच, पलंगावरून फक्त भिंतीवर गेली. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायकांच्या गोधड्या बघा कधीतरी, जुने कामाचे कपडे, विटलेली जीन, आणि रेघा कुठेही पट्टीने आखल्यासारख्या नाहीत. मी पहिल्यांदा फोटो बघितले तेव्हा आधी मला माप चुकलंय असंच वाटलं, माझा पाव इंचाचा चष्मा ना. मग पाठोपाठ लाज वाटली. तोलाचं ज्ञान डोळ्यात असलं की पट्टी बाजूला ठेवता येते. पण पॅटर्न विकायचा असेल तर पट्टी परत उचलावी लागते, कारण तुमचा डोळा पाकिटात घालून पाठवता येत नाही.

आणि हक्कांचं भान ठेवा. लॉग केबिन, नऊ चौकोनी, तारे, हे पारंपरिक ब्लॉक सगळ्यांचे आहेत, कुणीही वापरावे. पण एखाद्याने लिहिलेल्या पॅटर्नचे शब्द आणि आकृत्या त्याच्या असतात, त्याच्या झेरॉक्स काढून क्लासमध्ये वाटायच्या नाहीत, प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी किंवा आधी परवानगी मागावी.

लिहिताना पहिली अडचण मापाची. माझ्या पहिल्या पॅटर्नमध्ये मी लिहिलं होतं "३ इंचाचे २४ चौकोन". तीन टेस्टरना, म्हणजे विकण्याआधी शिवून बघणाऱ्यांना, दिला. एकीने तीन इंचाचे कापले, एकीने माया धरून साडेतीनचे कापले, तिसरीने फोन केला. तिसरीमुळे वाचले. तेव्हापासून प्रत्येक आकड्यापुढे "कापून" किंवा "तयार" लिहिल्याशिवाय मी पुढची ओळ लिहीत नाही.

दुसरी अडचण कापड किती लागेल. क्षेत्रफळाने काढू नका. समजा साडेसहा इंच कापून ४० चौकोन हवेत आणि कापडाची वापरता येणारी रुंदी ४२ इंच आहे. क्षेत्रफळाने उत्तर येतं ४० इंच आणि वर थोडं. पण प्रत्यक्षात एका पट्टीत सहाच चौकोन बसतात, तीन इंच वाया, म्हणजे सात पट्ट्या, साडेपंचेचाळीस इंच. त्यात कड सरळ करायला जातं, एखादी पट्टी चुकते, म्हणून मी १.३ मीटर लिहीन. बाइंडिंगलाही तसंच, ६० बाय ७२ च्या गोधडीला घेर २६४, वर कोपरे आणि जोडासाठी १२, झाले २७६. अडीच इंची सात पट्ट्या, ४२ धरून, २९४ होतात आणि वाटतं भरपूर आहेत, पण तिरके जोड दिले की प्रत्येक जोड अडीच इंच खातो, सहा जोडांत १५ गेले, उरले २७९. पुरतं, पण कुणाचं कापड ४० इंचच भरलं तर नाही पुरत. म्हणून आठ पट्ट्या लिहायच्या. दोन इंच कापड उरलं म्हणून कुणी शिव्या देत नाही, कमी पडलं आणि तो रंग दुकानातून संपला असेल तर देतात.

साचे छापायचे असतील तर पानावर १ इंचाचा एक चौकोन काढून ठेवा आणि मोठ्या अक्षरात लिहा की आधी हा मोजा, कारण प्रिंटर गुपचूप पान लहान करतो. आकृत्या काळ्या-पांढऱ्या छापूनही कळतायत का बघा. टेस्टर निवडताना एक तरी अगदी नवखी घ्या, अनुभवी बाई तुमची चूक न सांगता स्वतःच सुधारून पुढे जाते आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही.

परवाच नवीन पॅटर्न एकीला करायला दिला, समोर बसले, हात मांडीखाली दाबून. तीन पायऱ्या झरझर झाल्या. चौथीला ती थांबली, वाचलं, परत वाचलं, तुकडा उचलून उलटा केला, सुलटा केला, माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तिने शेवटी शिवलं, उलटं. मी वही उघडून लिहिलं, "पायरी ४, कुठली बाजू वर ते लिहिलेलंच नाही," वेळ ११ मिनिटं, उसवायला ६.